धाकट्या जावेचा देश

जयमालाला स्वीडनचा राग यायला लागला तो एका फोटोवरून.

फोटोत तिचा धाकटा दीर पियुष बाबागाडी ढकलत होता. डोक्याला लोकरीची टोपी, गाडीत दुपट्यात गुंडाळलेली कश्मिरा, मागे गुडघाभर बर्फ. खाली त्याच्या बायकोनं, नेत्रानं, लिहिलं होतं, ‘बाबाची रजा सुरू, आईचं ऑफिस सुरू!’ आणि सांगलीहून सासूबाईंनी त्यावर गुलाबाची चार फुलं पाठवली होती.

जयमाला त्या वेळी टोकियोत, हिगाशी-कसाईच्या सातव्या मजल्यावरच्या घरात ओट्याशी उभी होती. अडीच वर्षांचा अद्वैत तिच्या पायाला मिठी मारून भोकाड पसरत होता, कुकरची शिट्टी होत होती आणि विजयकुमार, तिचा नवरा, घरी यायला अजून बराच अवकाश होता. तिनं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. हाच तो पियुष. सांगलीच्या घरात जेवून उठल्यावर यानं स्वतःचं ताट कधी उचललेलं तिनं पाहिलं नव्हतं. पाणी मागायचा तेही बसल्या जागेवरून, ‘वहिनी, जरा पाणी,’ असं. आणि आता सहा महिन्यांची पगारी रजा घेऊन मूल सांभाळतोय, आणि नेत्रा लिपस्टिक लावून ऑफिसला जातेय! सरकार यांना मूल सांभाळायचे पैसे देतं! तिनं गुलाबाचं एक फूल पाठवलं आणि फोन उपडा ठेवला.

जयमाला घरातली थोरली सून. फार्मसीची पदवीधर, लग्नाआधी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध विभागात होती. पांढरा कोट, गळ्यात नावाची पट्टी, हाताखाली दोन मुली. लग्नानंतर, दोन हजार अकराच्या जानेवारीत, ती विजयबरोबर जपानला आली. पहिलं बिऱ्हाड उरायासुला, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर. दोन महिन्यांत भूकंप झाला आणि तिच्या डोळ्यांदेखत रस्त्याला भेगा पडून त्यातून राखाडी चिखल वर उकळला. गटारांची झाकणं खांबासारखी जमिनीतून वर आली. पाणी नाही, संडास बंद. इमारतीतली निम्मी भारतीय कुटुंबं आठवड्याभरात विमानात बसली. सांगलीहून रोज फोन, ‘परत या.’ पण विजयच्या ऑफिसात कोण गेलं आणि कोण राहिलं हे कुणी न बोलता नीट लक्षात ठेवलं जात होतं. विजय राहिला, म्हणून जयमालाही राहिली. टँकरच्या रांगेत बादल्या घेऊन उभी राहिली. पुढं ते हिगाशी-कसाईला आले. तिथं खाली भारतीय वाणसामानाचं दुकान होतं, जिन्यात फोडणीचा वास होता आणि मराठीत बोलायला चार घरं होती.

पण तिची पदवी इथं चालत नव्हती. ती नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको म्हणून आली होती, आणि अशा बायकोला वेगळा परवाना काढून आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येत होतं. अद्वैत वर्षाचा झाल्यावर ती सायकलवरून वॉर्ड ऑफिसात पाळणाघराची चौकशी करायला गेली. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही हातांनी एक तक्ता पुढं केला. आई-बाप दोघं पूर्ण वेळ कामाला असतील तर गुण जास्त, नसतील तर कमी. तिचे गुण इतके कमी होते की पुढची सगळी रांग संपली तरी नंबर लागणार नव्हता. काम नाही म्हणून पाळणाघर नाही, आणि पाळणाघर नाही म्हणून काम नाही. जयमाला वाकली, आभार मानले आणि सायकलवर बसून घरी आली. सिग्नलला थांबल्यावर तिला रडू आलं, पण शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं पाहिलं म्हणून तिनं ते गिळलं.

अद्वैत बालवाडीत जायला लागला तेव्हा तिनं सकाळचं काम धरलं. जेवणाचे डबे भरायचा कारखाना. केस टोपीत, नाकातोंडावर मास्क, पुढून सरकता पट्टा. तिच्या वाट्याला भाताच्या मधोमध लाल आंबट आलुबुखार ठेवायचं काम आलं. एक डबा, एक फळ. बालवाडी दोनला सुटायची, त्याआधी धापा टाकत परत.

आणि दर रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

“अगं, नेत्राला तिकडे सरकारनं फुकट भाषा शिकवली म्हणे. आणि लगेच नोकरी! नवऱ्याच्या मागं गेलेल्या बायकांनाही हवं तितकं काम करू देतात. तुमच्याकडे असं काही नाही का गं?”

“नाही आई.”

“कश्मिराचं पाळणाघर बघितलंस का तू? प्रत्येकाला आपापला खुंटी-कप्पा! आणि साडेचारला पियुष स्वतः आणायला जातो. साडेचारला! आपला विजय किती वाजता येतो?”

सासूबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांना दोन्ही सुना सारख्याच होत्या. पण त्या तीन महिने स्वीडनला राहून आल्या होत्या आणि तिथून परतल्यापासून त्यांच्या तोंडी दुसरा देश उरला नव्हता. जयमाला हसून ऐकायची आणि फोन ठेवल्यावर भांडी जरा जोरात घासायची. रात्रंदिवस तिच्या डोक्यात नेत्रा असायची. आपण तिच्याहून जास्त शिकलेल्या, आधी परदेशी आलेल्या, भूकंपात टिकून राहिलेल्या. मग तिच्या ताटात एवढं कसं पडलं? केवळ धाकट्या भावाला वेगळ्या देशाचं तिकीट मिळालं म्हणून?

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग दोन हजार सतराच्या शेवटी पियुषचा फोन आला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बसलेला होता.

स्वीडनमधला त्यांचा परवाना वाढवून मिळाला नव्हता. पियुषची तिथली पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. परदेशी माणूस कामावर ठेवला की त्याचे काही विमे उतरवायचे असा नियम, आणि त्या मालकानं त्यातला एक उतरवलाच नव्हता. पियुषनं ती कंपनी सोडूनही बराच काळ झाला होता. पण परवाना वाढवताना मागचं सगळं तपासलं गेलं आणि नकार आला. अपील केलं, तेही फेटाळलं. चूक मालकाची, देश सोडायची पाळी यांची.

“कर भरला, भाषा शिकलो, सगळं केलं,” पियुष सांगत होता. “दादा, तुझ्याकडे टोकियोत काही जमेल का?”

विजय डोकं धरून बसला. जयमालानं मान हलवली, “अरेरे,” म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं तिनं तूप काढलं, रवा भाजायला घेतला, केळं कुस्करलं. शिऱ्याचा वास घरभर सुटला.

“आज काय विशेष?” विजयनं विचारलं.

चमचा तसाच हातात धरून जयमाला उभी राहिली. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं आपण शिरा का करतोय, आणि त्या क्षणी ठाऊक झालं. “काही नाही, केळं पिकलं होतं,” ती म्हणाली. पण शिरा तिनं दोनदा वाढून घेतला.

विजयच्या कंपनीत जागा होती. त्यानं बायकोला विचारलं. जयमाला म्हणाली, “त्याला जपानी येत नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर तुझं नाव जाईल.” महिना तसाच गेला.

मग एका दुपारी खुद्द नेत्राचा फोन आला. दोघी जावा एकट्या अशा कधी बोललेल्याच नव्हत्या. तिच्या मागं खोकी ओढल्याचे, चिकटपट्टी फाडल्याचे आवाज येत होते.

“वहिनी, एक विचारायचं होतं. टोकियोला आलो तर मला काम करता येईल ना?”

“येईल की,” जयमाला म्हणाली. “आठवड्याला अठ्ठावीस तास.”

पलीकडे चिकटपट्टीचा आवाज थांबला.

“म्हणजे... पूर्ण वेळ नाही?”

“नाही. आणि पाळणाघरही मिळेलच असं नाही. रांग असते.”

“मग तुम्ही इतकी वर्षं कसं केलंत?”

त्या प्रश्नात कौतुक होतं की कीव, हे जयमालाला कळलं नाही. पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात एक चित्र उभं राहिलं: पट्ट्याशी उभी नेत्रा, केस टोपीत, हातात आलुबुखार. ते चित्र तिला इतकं आवडलं की संध्याकाळी विजय बूट काढतोय तोवर ती म्हणाली, “पियुषचं बघ रे काहीतरी. आपलाच आहे शेवटी.” विजयला बायकोचं मन मोठं वाटलं. सासूबाईंनाही वाटलं. त्यांनी रविवारी फोनवर तिला चार चांगले शब्द ऐकवले आणि जयमालानं ते निमूट घेतले.

दोन हजार अठराच्या जूनमध्ये ती मंडळी आली. दोन मजले खाली घर मिळालं. कश्मिरा तीन वर्षांची, सोनेरी क्लिपा लावलेली, स्वीडिश बोलणारी. अद्वैत पाचाचा, जपानीत उत्तरं देणारा. दोघांनी पहिल्या दिवशी एकमेकांकडे टक लावून पाहिलं आणि मग नाइलाजानं मराठी वापरायला सुरुवात केली.

नेत्रा मात्र जयमालाला वाटली होती तशी खचलेली नव्हती. ती बोलत सुटायची. “आमच्याकडे असं नसतं हं वहिनी.” कचऱ्याचे वार बघून, लिफ्टमधली सूचना बघून, विजयची यायची वेळ बघून, सगळ्यावर “आमच्याकडे.” चहा पिऊन कप तिथंच ठेवायची. कश्मिराला वर सोडून “पाच मिनिटांत येते” म्हणून तासाभरानं यायची. जयमाला दात आवळून वाट बघत होती. कारखान्यात तिनं नेत्रासाठी शब्द टाकून ठेवला होता. फक्त कश्मिराची सोय व्हायची होती.

म्हणून दोघी वॉर्ड ऑफिसात गेल्या. नेत्राला जपानी येत नव्हतं, दुभाष्याचं काम जयमालाकडे. खिडकीत या वेळी एक तरुण मुलगा होता. त्यानंही दोन्ही हातांनी तक्ता पुढं केला. तेच गुण, तीच रांग. जयमालानं समाधानानं सगळं मराठीत सांगितलं आणि उठायला पर्स उचलली.

नेत्रा जागची हलली नाही. “त्यांना विचारा, मूल घरी असताना आईनं काम शोधायचं कसं?”

जयमालानं जपानीत म्हटलं, “या जरा काळजीत आहेत. तुम्हाला त्रास देतोय, माफ करा.”

मुलगा वाकला. नेत्रा दोघांकडे बघत होती. “वहिनी, मी प्रश्न विचारला आणि तो नुसता वाकला? तुम्ही माझं पूर्ण सांगितलं नाहीत.”

“इथं असं विचारत नाहीत नेत्रा.”

“का?”

जयमालाला राग आला, नेत्राचा, त्या मुलाचा, पर्सच्या अडकलेल्या चेनचाही. ती परत बसली आणि तिनं ते वाक्य जसंच्या तसं जपानीत म्हटलं. मूल घरी असताना आईनं काम शोधायचं कसं? आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. आणि मग जयमालाला थांबता आलं नाही. कामाशिवाय गुण नाहीत, गुणांशिवाय पाळणाघर नाही, मग आईनं सुरुवात करायची कुठून? तिनं किती वर्षं घरात बसायचं?

मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. “जरा थांबा हं,” म्हणून आत गेला आणि एक वेगळं पत्रक घेऊन आला. काही पाळणाघरांत आठवड्यातून दोन-तीन दिवस मूल ठेवायची तात्पुरती सोय होती. काम शोधणाऱ्या आईलाही ती मिळू शकत होती. स्टेशनजवळच्या एका ठिकाणी जागा असावी, तो फोन करून बघणार होता.

जयमालानं पत्रक हातात घेतलं. “ही सोय नवीन आहे का?”

“नाही. बरीच वर्षं आहे.”

“म्हणजे, चार वर्षांपूर्वी?”

“हो, होती तेव्हाही.”

नेत्रा शेजारी आनंदानं विचारत होती, “काय म्हणाला? मिळालं का?” जयमालानं तिला सांगितलं, “मिळेल.” एवढंच सांगितलं. परत येताना ती सायकल इतकी जोरात हाणत होती की नेत्रा दोन सिग्नल मागं राहिली.

त्यानंतर तीन आठवडे तिनं नेत्राशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. विजयला काही कळेना. शेवटी एका रविवारी सकाळी ती त्याच्यावरच कोसळली.

“तू का नाही आलास माझ्याबरोबर तेव्हा? माझ्यासाठी का नाही कुणी विचारलं?”

“तू म्हणाली नाहीस,” विजय म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला जास्त झोंबलं. भूकंपात राहा म्हटलं, राहिली. पाळणाघर नाही म्हटलं, घरी परत आली. आणि ही नेत्रा! मागते आणि हिला मिळतं. स्वीडनचा हेवा एक वेळ परवडला. तो लांबचा देश होता. पण ही ओट्यावर कप विसरून जाणारी बाई तर दोन मजले खाली राहत होती.

नेत्रा कारखान्यात आली. पट्ट्याशी उभी राहिली, अगदी जयमालानं रंगवलं होतं तशी. पण ते बघण्यात काही मजा आली नाही. नेत्रा हात भरभर चालवायची, उरलेल्या दिवसांत घरी बसून कंपन्यांना अर्ज धाडायची. मजा आली नाही हेसुद्धा जयमालाला नेत्रानं आपल्याकडून काढून घेतल्यासारखं वाटलं.

खालच्या घरातून मात्र आता भांडणं ऐकू यायची. साडेचारला मुलीला आणणारा पियुष इथं विजयबरोबरच शेवटच्या गाड्यांनी परतायला लागला होता. साहेब उठेपर्यंत उठायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तो आपोआप शिकला. एका दुपारी नेत्रा वर आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “वहिनी, आमचा पियुष तिकडेच राहिला. इकडे दुसराच कुणीतरी आलाय. काल ताट तसंच टाकून उठला.”

जयमालाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ‘मूळचा हाच आहे, मी ओळखते.’ किती दिवस साठवून ठेवलेलं वाक्य. पण नेत्राचे डोळे सुजले होते. जयमालानं आलं किसलं, चहा टाकला. “तिकडे तो एकटाच चांगला नव्हता गं,” ती म्हणाली. “तिकडे साडेचारला सगळ्यांचेच बाप जातात. न जाणारा वेगळा दिसतो. इकडे जाणारा दिसतो.”

नेत्रानं चहा प्यायला. कप धुऊन ठेवला. ते बघून जयमालाला बरं वाटलं, आणि किंचित चुकल्यासारखंही.

त्या आठवड्यात ती एकटीच रोजगाराच्या सरकारी कचेरीत गेली. मैत्रीखातर नाही, प्रेरणाबिरणा घेऊनही नाही. नेत्राला मिळतं तर मला का नाही, या एकाच चुरशीनं. माझी फार्मसीची पदवी आहे, मी इथं काय करू शकते, असं तिनं खिडकीत बसून सरळ विचारलं. कळलं की औषधांच्या दुकानात साध्या सर्दी-तापाची औषधं विकायची एक वेगळी परीक्षा असते आणि तिला परदेशी माणूसही बसू शकतो. घरी येऊन तिनं नेत्राला फर्मावलं, “मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अद्वैतला तू सांभाळायचंस. मला क्लास आहे.”

“चालेल,” नेत्रा म्हणाली. “मग शुक्रवारी कश्मिरा तुमच्याकडे.”

“पण चहाचा कप धुऊन जायचा.”

नेत्रा आधी गोंधळली, मग खदाखदा हसली.

वर्षभर जयमालानं घासून अभ्यास केला. औषधांची नावं ओळखीची, पण जपानी लिपीत ती दुसऱ्याच गावची वाटायची. सरावाच्या पहिल्या परीक्षेत ती सपशेल नापास झाली. दरम्यान विजयला आणि तिला जपानमध्ये कायम राहण्याचा परवाना मिळाला, अठ्ठावीस तासांची अट गेली. आणि दोन हजार एकोणीसच्या शरदात ती परीक्षा पास झाली.

त्याच आठवड्यात नेत्राला डेन्मार्कच्या एका कंपनीनं बोलावलं. या वेळी नोकरी नेत्राची होती. परवाना तिच्या नावाचा, आणि पियुष तिच्यावर अवलंबून असलेला नवरा म्हणून जाणार होता.

रविवारच्या कॉलवर सासूबाईंना काय बोलू नि काय नको झालं. डेन्मार्कची हवा कशी, शाळा कशा, सुट्ट्या किती. दोन्ही कुटुंबं एकाच फोनसमोर दाटीवाटीनं बसली होती. जयमालाच्या परीक्षेचं नाव कुणी काढेना. विजय काढेल म्हणून तिनं त्याच्याकडे बघितलं, तो कश्मिराला बिस्किट देत होता. एरवी ती उठून ओट्याशी गेली असती.

“आई,” ती म्हणाली, “नेत्राचं नंतर. आधी माझं ऐका. मी परीक्षा पास झालेय.”

फोनमध्ये सासूबाई थबकल्या. “अगं बाई! कसली परीक्षा?”

मग जयमालानं सगळं सांगितलं. कुठली परीक्षा, किती अवघड, उरायासुच्या कुठल्या दुकानात नोकरी, पांढरा कोट कसा. कुणी मध्ये बोललं की ती हातानं थांबवत होती. नेत्रासुद्धा थांबली.

नोव्हेंबरात नारिता विमानतळावर दोघी जावा गळ्यात पडल्या. कश्मिरानं अद्वैतला मराठीत बजावलं, “रोज फोन कर.” ती मंडळी तपासणीच्या दारातून आत गेली आणि परतीच्या गाडीत अद्वैत लगेच झोपला.

“रडतेस काय?” विजय म्हणाला. “येतील की भेटायला.”

“रडत नाहीये. हेवा वाटतोय.”

विजय हसला. “आता कसला? तुलाही मिळालं ना सगळं?”

“मला ते आठ वर्षं आधी मिळायला हवं होतं.”

तो हसायचा थांबला. खिडकीबाहेर कापलेली भातशेतं जात होती. तो म्हणाला, “उद्या तुझा दुकानात पहिला दिवस. अद्वैतला शाळेनंतर मी आणीन.”

“उद्या एकच दिवस नाही. दर सोमवारी.”

“बघतो.”

“बघतो नाही. आत्ता कळव.”

विजयनं मोबाईल काढला आणि आपल्या साहेबांना, तानाका-सानना, मेल लिहायला घेतला. दोन स्टेशनं गेली तरी त्याची पहिली ओळ पुरी झाली नव्हती. जयमालानं वाकून बघितलं. अजून माफीच चालली होती.

“दे इकडे,” ती म्हणाली.